केंड्रासाठी बंदूक

बफेलो, वायोमिंग
८ मार्च

प्रिय मिच,

अलास्काच्या थंडीत तुझे नाक-कान अजून जागच्या जागी असतील असं धरून चालते. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. लोकर कातरणारे येऊन गेले. बिचाऱ्या मेंढ्या उघड्या पडल्यासारख्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात. आपला एलुर कुत्रा म्हातारा झालाय, पण कळपाची राखण सोडत नाही. परवा कायोटीच्या, त्या लांडग्याच्या धाकट्या भावाच्या, मागे पार कुंपणापर्यंत पळाला आणि परत येऊन दिवसभर झोपला.

फोनवर रविवारी बोलणं होतं तरी आई पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. अरे, फोनवर बोलतं कोण? तुझा बाप फोन टेबलावर ठेवतो, आवाज मोठा करतो, आणि मग तू, तो आणि तुझी बायको, तिघं बोलता. मी मागे भांडी घासत असते. म्हणून पत्र.

तुझी बायको छान आहे. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझ्या कपाळाला आठ्या पडायच्या नाहीत. कॅस्पर शहरात दाताच्या दवाखान्यात वाढदिवसाच्या केकसारखी नखं रंगवून बसणारी पोरगी, तू कामाला तिकडे गेल्यावर, इथे मेंढ्यांत रमेल असं मला वाटलं नव्हतं. रमली. सगळ्यांना आवडते. सगळ्यांना म्हणजे अगदी सगळ्यांनाच.

तर बातमी अशी की तुझा बाप डॉमिनिक केंड्रासाठी बंदूक बनवतोय.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला ती त्याची जुनी रायफल घेऊन वरच्या कड्यापर्यंत गेली होती. परत आली तेव्हा खांदा चोळत होती. तोंडाने चकार शब्द काढला नाही तिने. पण तुझ्या बापाने पाहिलं. झालं. तिसऱ्या दिवशी म्हणतो, "पोरीला हलकी कार्बाइन हवी. आखूड नळीची. दिवसभर गळ्यात असली तरी विसरायला होईल अशी."

मिच, तुझ्या आजीची रायफल मी लग्न झाल्यापासून वागवतेय. ती बंदूक नाही, कुंपणाचा खांब आहे. तुला पोटात घेऊनही मी ती वागवली आहे. माझ्या उजव्या खांद्यावर पट्ट्याने खड्डा पडलाय, अंघोळीत साबण त्यात साचतो. एकदा, तू लहान असताना, मी म्हटलं होतं, "जड आहे रे ही." तर म्हणाला, "जड बंदूक स्थिर राहते." विषय संपला. आता याला अचानक हलकेपणाचा साक्षात्कार झालाय.

माझा स्वयंपाकाचा वजनकाटा त्याने शेडमध्ये नेलाय. ज्यावर मी ब्रेडचं पीठ तोलते, त्यावर आता स्क्रू तोलले जातात. नळीसुद्धा बारीक घेतली. मी म्हटलं, "बारीक नळी लवकर तापते, तूच सांगायचास." म्हणाला, "पोरगी काही लढाईला चाललेली नाही, अर्लीन. दोन गोळ्या, फार तर तीन. तेवढ्यात कायोटी दुसऱ्या जिल्ह्यात."

केंड्रा हसली. तो पण हसला. जेवण मी वाढत होते.

संध्याकाळभर दोघं शेडमध्ये. ती वाचते, तो जोडतो. बारीक अक्षरांतली माहितीपत्रकं ती मोठ्याने वाचून दाखवते आणि तो मान तिरकी करून ऐकतो. चर्चमध्ये तो अशी मान कधी करत नाही. मी कॉफी घेऊन गेले आणि म्हटलं, "आण, मी वाचते. मलाही वाचता येतं." तर म्हणाला, "तुला कामं असतील. केंड्राचा आवाज कानाला बरा लागतो."

कानाला बरा लागतो!

वेडंवाकडं काही मनात आणू नकोस. तसला संशय घ्यायला मी खुळी नाही आणि तुझी बायको तशी नाही. पण माणूस इतकी वर्षं शेजारी झोपतो, आणि त्याच्या कामाच्या बाकापाशी आपल्यासाठी स्टूल नसतं. तिच्यासाठी त्याने स्टूल आणलं. वर मेंढीचं कातडं टाकून.

आता दर गुरुवारी दोघं शेरिडनला जातात, 'सुटे भाग आणायला'. गाडी ती चालवते. तुझा बाप स्वतःच्या पिकअपमध्ये दुसऱ्याच्या शेजारी बसलाय, असं तू कधी पाहिलंस? मी तर आजारपणातही पाहिलं नाही. येताना माझ्यासाठी बेकरीतला गोड पाय आणतात. चेरीचा. मला सफरचंदाचा आवडतो.

बघ, दोन पानं झाली आणि मी पायपर्यंत आले. तू जेवत जा. तिकडच्या मेसमध्ये भाज्या मिळतात का?

तुझी,
आई


बफेलो
२९ मार्च

प्रिय मिच,

तुझं पत्र मिळालं. 'आई, तू जळतेस की काय?' असं लिहून खाली हसरा चेहरा काढलायस. हसरा चेहरा काढला की आईला काहीही विचारावं, असं तुम्हा पोरांना वाटतं. होय, जळते. आता पुढे वाच.

बंदूक जवळजवळ झाली. खरं सांगते, देखणी आहे. मी कौतुक केलं नाही, पण इथे लिहिते. दस्ता पोकळ आणि हलका, मागेपुढे सरकवता येतो, म्हणजे जाड कोट घातला की आखूड करायचा. नळीभोवतीची जाळी इतकी हलकी की मला वाटलं खेळण्यातली आहे. पट्टा मऊ आणि रुंद. हो, रुंद. खांद्यात रुतू नये म्हणून.

मग आला नेम धरायच्या दुर्बिणीचा प्रश्न, आणि त्यावरून घरात आठवडाभर जे चाललं त्यापुढे निवडणूक फिकी.

तुला तुझा बाप माहीत आहे. बॅटरी लागणारी कुठलीही वस्तू बंदुकीवर दिसली की तो थुंकायचा. 'नळीच्या टोकावर नेम धरायची माशी, मागे खाच, मधे देवाने दिलेला डोळा. आणखी काय पाहिजे?' हे ऐकत तू वाढलास. आणि आता हाच माणूस म्हणतो, लाल ठिपक्याचीच दुर्बीण हवी. काचेत पाहायचं, ठिपका जनावरावर आला की चाप ओढायचा.

केंड्रा म्हणाली, "पॉप, मला साधी माशी चालेल. तुम्हीच शिकवलीत ना? वजनही वाचेल."

"वजन मरू दे. ठिपका बघायला सोपा."

"मला सोप्याची गरज नाही."

"आहे!" त्याने टेबलावर हात आपटला. त्याच्या आवाजाने मी दचकले. ती नाही दचकली. त्याच्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "बरं. ठिपका."

तिचं ते 'पॉप' ऐकलंस ना? त्याला पॉप आणि मला अजून 'अर्लीन'. मी काही म्हटलेलं नाही. म्हणणारही नाही.

शनिवारी दुकानदार क्लेटनने पारखून बघायला तीन दुर्बिणी पाठवल्या. तुझ्या बापाने एकेक बसवली आणि कुंपणावर बंदूक टेकवून कुरणाच्या टोकाच्या पाण्याच्या टाकीकडे पाहू लागला. खूप वेळ. डोकं इकडे करून, तिकडे करून. एलुर त्याच्या पायाशी येऊन बसला तरी त्याला पत्ता नाही. मग हळूच तिला म्हणाला, "ठिपकाच नाही यात. बिघडलेली पाठवलीय क्लेटनने." ती पुढे झाली, डोळा लावला आणि म्हणाली, "आहे, पॉप. जरा उजेड वाढवू." तिने बटण दाबत दाबत पार शेवटापर्यंत नेलं. त्याने पुन्हा पाहिलं. "हं," म्हणाला. नुसतं हं.

मी दारात उभी होते. मला कुणी विचारलं नाही, 'अर्लीन, तू बघतेस का?'

शेवटी मोठ्या काचेची, मोठ्या ठिपक्याची ठरली. त्याला टॉर्चही हवा होता नळीच्या बाजूला, मेंढ्या वितात त्या शेडमध्ये कोपरे काळोखे असतात म्हणून. ती म्हणाली, टॉर्चने पुढचा भाग जड होईल, मग एवढं सगळं हलकं केलं कशाला? यावरही घासाघीस. टॉर्च आला. छोटा.

त्या दिवशी जेवताना माझ्या तोंडून निघून गेलं, "हलकी बंदूक मलाही चालली असती एखादी."

सगळे काटे थांबले. तुझा बाप ताटाकडे बघत म्हणाला, "तुला कशाला? तुझी आहे की."

"आहे ना. तुझ्या आईची."

"मग?"

"मग काही नाही. मटण घे."

केंड्रा म्हणाली, "अर्लीन, ही आपण दोघी वापरू." तिचं ते चांगलं वागणंच मला सहन होत नाही, मिच. ती वाईट असती तर किती सोपं झालं असतं! मी म्हटलं, "नको गं, माझ्या खांद्याला जडाची सवय आहे," आणि उठून ओव्हन पुसायला लागले. ओव्हन स्वच्छच होता.

या गुरुवारी ते शेरिडनला गेले, आणि मागून मीसुद्धा गेले. जुन्या गाडीतून. म्हटलं, क्लेटनच्या दुकानात दोघांना गाठते आणि विचारते, दुपारभर कुठले स्क्रू निवडता? बस. पाळत ठेवली म्हण. बायका ठेवतात.

त्या दिवसाबद्दल मला आज लिहवत नाही. घरी आले, ब्रेड लावला, तो जळला. एवढंच.

तुझ्या बायकोला सांगू नकोस की मी मागे गेले होते. फोनवर नेहमीसारखा बोल.

आई


बफेलो
४ मे

माझ्या लाडक्या मिच,

हे पत्र एकटा असशील तेव्हा वाच. खोलीत दुसरा कुणी असेल तर घडी करून खिशात ठेव आणि बाहेर जा. बर्फ असेल तर टोपी घाल.

कोकरं चांगली आली. जुळी खूप आहेत यंदा. घर दुधाच्या बाटल्यांनी भरलंय आणि सगळ्यांच्या अंगाला एकच वास येतोय.

आता शेरिडनचं सांगते.

क्लेटनच्या दुकानात गेले तर तो म्हणाला, "डॉमिनिक? तो इथे नाताळाच्या आधी आला होता. सगळं सामान केंड्रा पोस्टाने मागवते." बाहेर पडले आणि आपली पिकअप शोधत हिंडले. सापडली. डोळ्यांच्या डॉक्टरच्या दारात. दवाखान्याला रस्त्याच्या बाजूने काच आहे. आत तुझा बाप खुर्चीत बसलेला होता, हनुवटी यंत्रावर टेकवून. आणि शेजारी केंड्रा उभी होती, त्याची हॅट दोन्ही हातांत धरून.

मिच, तुझ्या बापाला दिसेनासं होतंय. दोन्ही डोळ्यांचं मधलं दिसणं जातंय. कडेकडेचं दिसतं, मधे नुसता धुरकट डाग. ज्याच्याकडे सरळ बघावं तेच नाहीसं होतं. म्हणून तो मान तिरकी करतो. म्हणून त्याला ठिपका सापडत नव्हता. डोळ्यात सुया देतात, त्याने जाण्याचा वेग कमी होतो म्हणे. गेलेलं परत येत नाही.

हे मला त्या दिवशी कळलं नव्हतं. काचेतून फक्त तो, ती आणि हॅट दिसली. पण एवढं उमगलं की काहीतरी मोठं आहे, आणि ते तिला ठाऊक आहे आणि मला नाही. मी आत जायला हवं होतं. त्याचा हात धरायला हवा होता. मला आधी भीती वाटायला हवी होती ना, दुःख व्हायला हवं होतं? नाही झालं. आधी अंगाचा तिळपापड झाला. हॅट तिच्या हातात कशी, हेच डोक्यात. त्याची हॅट मी उचलली तरी तो म्हणतो, 'ठेव जागेवर.' मी गाडीत बसले आणि घरी आले. आपल्या नवऱ्याच्या आजारावरही माणूस हक्क सांगतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

नंतर मी वाट पाहिली. म्हटलं, आज सांगेल. उद्या सांगेल. तो सांगेना. मी विचारीना. केंड्राशी मी अशी वागत होते की तिला वाटलं असेल, हिच्या दातात खडा अडकलाय. एकदा ती माझ्यामागे कोठीत आली आणि म्हणाली, "अर्लीन, माझं काही चुकलंय का?" मी म्हटलं, "तुझं कधी काही चुकतं का?" तिचे डोळे भरले. मला बरं वाटलं, आणि मग लगेच बरं वाटल्याची किळस आली.

गेल्या मंगळवारी पहाटे एलुर भुंकायला लागला. नेहमीचं भुंकणं नव्हतं. आम्ही तिघं कोट चढवत बाहेर पडलो. नुकतं उजाडत होतं. शेडच्या मागच्या कुरणात रात्री व्यायलेल्या मेंढ्या होत्या, त्या एका कोपऱ्यात दाटल्या होत्या. ओढ्याच्या बाजूने एक कायोटी एका एकट्या मेंढीकडे सरकत होता. तिची कोकरं अजून ओली होती. आणि दुसऱ्या बाजूने एलुर लंगडत येत होता.

केंड्राच्या गळ्यात नवी कार्बाइन होती. ती खांद्याला लावणार, एवढ्यात तुझ्या बापाने हात पुढे केला. "दे इकडे." जन्मभराची सवय. कळपावर कायोटी आला की डॉमिनिक गोळी घालतो, बाकीचे बाजूला होतात. तिने क्षणभर धरून ठेवली. "पॉप, मी मारते."

"दे म्हणतो ना."

तिने दिली. त्याने खांद्याला लावली. मान तिरकी. नळी हळूहळू फिरली आणि थांबली. जिथे थांबली तिथे एलुर होता.

"पॉप, डावीकडे," केंड्रा म्हणाली. "आणखी डावीकडे."

"गप्प बस. दिसतोय मला." त्याचं बोट चापावर गेलं.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर त्याचं बोट आवळलं असतं. मी अगदी साध्या आवाजात, जेवायला बोलवावं तसं म्हटलं, "डॉमिनिक, तो एलुर आहे. बंदूक खाली घे."

तो हलला नाही.

"तुला दिसत नाही. मला माहीत आहे. मी शेरिडनला आले होते."

त्याने नळी खाली केली. मग बंदूक आडवी धरून त्याने हात पुढे केले, तोंड ओढ्याकडेच ठेवून. आम्ही दोघी त्याच्या दोन बाजूंना होतो. कुणाला देतोय, ते त्यालाही माहीत नसावं. केंड्रा जवळ होती. ती तशीच उभी राहिली आणि माझ्याकडे बघून तिने 'घे' अशी मान हलवली. मी घेतली.

काय सांगू तुला! हातात काही आलंच नाही असं वाटलं. खांद्यावर आपली आपण जाऊन बसली. ठिपका उजेडात लख्ख लाल होता, मला दिसला, मी चाप ओढला, आणि नेम चुकला. कायोटीच्या पुढ्यात माती उडाली. पण तो असा पळाला की ओढ्यात आपटून पलीकडे निघाला. कोकरं वाचली. एलुर अजून भुंकतच होता, जणू सगळं त्यानेच केलं.

नंतर तुझा बाप पाणी पाजायच्या टाकीच्या कडेवर बसला. हात मांडीवर. मी शेजारी बसले.

मी म्हटलं, "तिला सांगितलंस. मला नाही."

"तिला मी नाही सांगितलं. तिने पकडलं. मी कॉफी कपाच्या बाहेर ओतत होतो."

"मग मला का नाही?"

"तू लगेच गाडीची किल्ली काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती!"

"म्हणून."

"तिने घेतली नाही?"

"घेतली ना. पहिल्याच दिवशी." तो हसला, आणि मग त्याला हसता येईना. "अर्लीन, तू माझ्याकडे बघतेस ना, तू अजून आपण पहिल्यांदा भेटलो त्या बेन्टनच्या नाचातल्या पोराकडे बघतेस. तिने बघितला तो म्हातारा. म्हाताऱ्याची किल्ली काढून घेतली तर काय बिघडलं? पण त्या पोराची..."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी त्याला 'गाढवा' म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं, ते लिहीत नाही.

केंड्रा दूर मेंढीजवळ गुडघ्यांवर बसली होती, कोकरं पुसत. तिला मी नंतर शेडमध्ये गाठलं. ती म्हणाली, दर गुरुवारी येताना ती गाडी थांबवून त्याला म्हणायची, 'आज अर्लीनला सांगा, नाहीतर मी सांगते.' आणि तो दरवेळी म्हणायचा, 'कोकरं येऊ देत.' गोष्ट लपवल्यामुळे तिला जेवण जात नव्हतं. मला वाटायचं, तिला माझा स्वयंपाक आवडत नाही. ती म्हणाली, "मला तुमची भीती वाटते, अर्लीन. त्यांची नाही वाटत, तुमची वाटते." मी म्हटलं, "वाटू दे थोडी." मग आम्ही दोघी हसलो, नाक पुसत, आणि एका मेंढीला मधेच तिसरं कोकरू झालं, त्यामुळे रडायला वेळ मिळाला नाही.

मत्सर गेला का, असं तू विचारशील. तू विचारणारच, हसरा चेहरा काढून. नाही रे गेला. गुरुवारी आता मी गाडी चालवते, आणि तो सुई घेताना हॅट माझ्या हातात असते. तरी मागच्या वेळी त्याने डॉक्टरला विचारलं, "केंड्राला कळवलंत का, पुढची तारीख?" आणि मला काट्यासारखं टोचलं. असो. माणूस या वयात बदलत नाही, सवयीने जरा गप्प बसायला शिकतं.

बंदूक तो अजून बनवतोय. ती नाही, दुसरी. यावेळी मी विचारलं नाही कुणासाठी ते. बाकापाशी स्टूल मी स्वतः नेऊन ठेवलं. बारीक अक्षरं मीच वाचते. माझा आवाज कानाला बरा लागतो का, असं विचारलं तर म्हणाला, "फार मोठा आहे. पण ऐकू येतो."

त्याने मला शपथ घातलीय, मिचला कळवू नकोस, पोरगा काम सोडून धावत येईल. म्हणून हे मी तुला कळवत नाहीये. मी फक्त पत्र लिहितेय.

डॉक्टर म्हणाले, चेहरे सगळ्यांत आधी जातात. लांबचे गेलेतच. अगदी जवळ जाऊन, खिडकीच्या उजेडात उभं राहिलं तर त्याला अजून ओळखू येतात. किती दिवस, ते डॉक्टरला सांगता येत नाही.

तेव्हा ये, बाळा. आणि आलास की माझ्याकडे धावू नकोस, केंड्राकडेही नको. आधी त्याच्याकडे जा. त्याला खिडकीपाशी ने, चेहरा त्याच्या चेहऱ्याजवळ धर, आणि तो 'पुरे' म्हणेपर्यंत हलू नकोस. तोवर आम्ही दोघी दारात थांबू. या एका बाबतीत माझा नंबर मागे लागला तरी मी काही म्हणणार नाही.

वाट पाहणारी,
तुझी आई